घरी शिरेतून सेफ्ट्रायाक्झोन देताना : आरएल, लिग्नोकेन आणि बदललेली कुपी

कोयनाकाठ (प्रश्न)

माझे वडील ६८ वर्षांचे असून सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आईसोबत राहतात. थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ आणि कमरेच्या उजव्या बाजूस दुखणे अशा तक्रारींमुळे त्यांना तेथील रुग्णालयात दाखल केले होते. मूत्रपिंडापर्यंत जंतुसंसर्ग पोहोचल्याचे निदान झाले. ताप उतरल्यावर डॉक्टरांनी घरी सोडले, मात्र सेफ्ट्रायाक्झोन या प्रतिजैविकाचे १ ग्रॅमचे इंजेक्शन दिवसातून एकदा शिरेतून आणखी काही दिवस द्यायचे आहे, म्हणून हातातील इन्ट्राकॅथ, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी, तशीच ठेवली आहे. आमच्या गल्लीतील एक निवृत्त परिचारिकाबाई घरी येऊन इंजेक्शन देतात. त्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही, पण मी पुण्यात असल्याने फोनवरून जे कळते त्यातील काही गोष्टींनी मन साशंक झाले आहे.

वडिलांना अशक्तपणा आहे म्हणून आरएलची, म्हणजे रिंगर लॅक्टेटची, एक बाटली लावून त्याच नळीतून इंजेक्शन सोडावे, असे बाईंचे म्हणणे आहे. इन्ट्राकॅथची जागा थोडी लाल झाली आहे; ती काढावी लागली तर उरलेली इंजेक्शने लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात कालवून कमरेत देता येतील, असेही त्या म्हणाल्या आणि त्यासाठी लिग्नोकेनची कुपी आणून ठेवली आहे. भावाने काल नवीन इंजेक्शने आणली, तेव्हा केमिस्टने १ ग्रॅमच्या ऐवजी १.५ ग्रॅमच्या कुप्या दिल्या आणि ‘हे त्याहून चांगले आहे’ असे सांगितले. पाण्यात मिसळल्यावर औषध फिकट पिवळे दिसते, त्यामुळे आई घाबरली आहे. वडिलांना तरुणपणी पेनिसिलिनमुळे अंगावर पुरळ उठले होते, असे ते सांगतात. त्यांच्या रोजच्या गोळ्यांमध्ये रक्तदाबाची, कॅल्शियमची आणि हृदयाचे ठोके अनियमित असल्याने रक्त पातळ करण्याची, अशा तीन गोळ्या आहेत. लघवीचे कल्चर पाठवले होते, परंतु त्याचा अहवाल आणायचा राहून गेला आहे.

यापैकी कोणत्या गोष्टीची खरोखर काळजी करावी आणि कोणत्या गोष्टीची नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

औषधभांडार

मी एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करतो. रुग्णाला न पाहता उपचार सांगणे योग्य नाही, त्यामुळे मी केवळ औषध कशात मिसळावे आणि कशात मिसळू नये एवढ्याचविषयी लिहितो. बाकीचे निर्णय ज्यांनी हे औषध लिहून दिले त्या डॉक्टरांकडूनच घ्यावेत.

सर्वांत आधी आरएलचा बेत रद्द करा. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असते आणि सेफ्ट्रायाक्झोन कॅल्शियमच्या संपर्कात आले की दोहोंचा न विरघळणारा साका तयार होतो. हा साका नेहमी डोळ्यांना दिसेलच असे नाही, म्हणून ‘बाटलीतले पाणी स्वच्छ दिसत होते’ हा बचाव येथे चालत नाही. नवजात बालकांमध्ये अशा साक्याचे कण फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत सापडले आणि काही बालके दगावली. त्यावरून अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००७ मध्ये कडक इशारा दिला. २००९ मध्ये त्यात सुधारणा झाली. त्यानुसार २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला कॅल्शियमयुक्त सलाइन चालू असेल किंवा लागणार असेल, तर सेफ्ट्रायाक्झोन द्यायचेच नाही. त्याहून मोठ्या रुग्णांत दोन्ही एकामागून एक देता येतात, पण मधल्या वेळी संपूर्ण नळी नॉर्मल सलाइनसारख्या कॅल्शियम नसलेल्या द्रावाने नीट धुवून काढली पाहिजे, आणि दोन्ही एकाच वेळी एकाच नळीतून कधीही सोडायची नाहीत. आपल्या वडिलांना सलाइनची गरज आहे का, हा मुळातच वेगळा प्रश्न आहे. जो माणूस तोंडाने पेज, वरण आणि पाणी घेऊ शकतो, त्याला केवळ अशक्तपणासाठी बाटली लावण्यात मला काही अर्थ दिसत नाही, पण आपल्याकडे बाटली लावल्याखेरीज उपचार झाल्यासारखे वाटत नाही हेही खरे आहे.

कॅल्शियमच्या गोळीची मात्र चिंता करू नका. पोटात घेतलेले कॅल्शियम, दूध किंवा दही यांच्याशी या इंजेक्शनचा असा संयोग होत असल्याचे आढळलेले नाही. ही गफलत सर्रास होते: लोक दूध बंद करतात आणि आरएल मात्र चालू ठेवतात.

आता लिग्नोकेन. सेफ्ट्रायाक्झोन स्नायूत दिले तर फार दुखते, म्हणून ते १ टक्का लिग्नोकेनमध्ये विरघळवण्याची पद्धत आहे आणि ती स्नायूपुरती योग्यही आहे. परंतु लिग्नोकेनमध्ये कालवलेले तेच औषध चुकून शिरेत गेले, तर हृदयाच्या ठोक्यांवर आणि मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतात. एकाच टेबलावर निर्जंतुक पाण्याची कुपी आणि लिग्नोकेनची कुपी शेजारीशेजारी ठेवलेली असणे, दोन्हींतील द्राव रंगहीन असणे आणि इंजेक्शन देणारी व्यक्ती एकटीच असणे, ही चूक घडण्यासाठी एवढे पुरेसे आहे. ती कुपी आजच घरातून बाहेर काढा. स्नायूत देण्याविषयी आणखी एक अडचण आहे, ती खाली डॉक्टर मंडळी सांगतीलच, कारण आपण रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा उल्लेख केला आहे.

१.५ ग्रॅमच्या कुपीबद्दल. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अशा कुपीत बहुतेक वेळा १ ग्रॅम सेफ्ट्रायाक्झोन आणि ५०० मिलिग्रॅम सल्बॅक्टम असते. म्हणजे सेफ्ट्रायाक्झोनची मात्रा दीडपट झालेली नाही, तर न सांगितलेले एक दुसरे औषध सोबत आले आहे. सल्बॅक्टम मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. ज्याच्या मूत्रपिंडालाच संसर्ग झाला आहे त्याला ते द्यावे की नाही, हे काउंटरवर ठरवण्याची गोष्ट नव्हे. ‘त्याहून चांगले’ हा शब्दप्रयोग तर ऐकूनच सोडून द्यावा. सेफ्ट्रायाक्झोन २०१४ पासून औषध नियमांच्या अनुसूची एच-१ मध्ये आहे. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचे, त्याची वेगळ्या नोंदवहीत नोंद ठेवायची, असा नियम आहे. चिठ्ठीवर जे नाव आणि जी मात्रा आहे तीच कुपी मागून घ्या आणि ही परत करा. कुपी हातात घेतल्यावर नावही अक्षर लावून वाचा, कारण सेफोटॅक्सिम, सेफ्टाझिडिम, सेफोपेराझोन ही सारी एकाच कुळातील, सारख्या दिसणाऱ्या कुप्यांतील आणि निरनिराळ्या मात्रांची औषधे आहेत.

पिवळेपणाची भीती नको. विरघळल्यावर फिकट पिवळ्यापासून थोड्या गडद पिवळ्या छटेपर्यंतचा रंग या औषधाला स्वाभाविक आहे. गढूळपणा, तरंगणारे कण किंवा तळाशी न विरघळलेली पूड दिसली, तर मात्र ती कुपी वापरू नये. १ ग्रॅमसाठी साधारण १० मिलिलिटर इंजेक्शनचे निर्जंतुक पाणी वापरतात. नळाचे, उकळलेले किंवा फिल्टरचे पाणी चालत नाही, हे लिहावे लागते याचे वाईट वाटते पण अनुभवाने लिहितो. कालवलेले औषध लगेच वापरावे. अर्धे आज आणि अर्धे उद्या असा हिशेब घरी करू नये.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि वॉर्डात हे इंजेक्शन रोज देते. वरील माहितीत मी केवळ हाताशी संबंधित गोष्टींची भर घालते.

लाल झालेली इन्ट्राकॅथ ‘थोडी’ लाल म्हणून ठेवू नये, ताई. शिरेवर लाल रेघ, टणकपणा, दुखणे किंवा सूज यांपैकी काहीही असेल तर त्यातून पुढचा डोस न देता ती काढायची आणि दुसऱ्या हातावर नवी लावायची. ते काम घरी जमत नसेल, तर वडिलांना रुग्णालयाच्या इंजेक्शन खोलीत नेणे जास्त सोयीचे आहे. इंजेक्शनच्या आधी ५ मिलिलिटर नॉर्मल सलाइन सोडून शीर मोकळी आहे ना ते पाहावे, आणि नंतरही तितकेच सोडावे. औषध २ ते ४ मिनिटांत सावकाश द्यायचे असते, आणि ज्येष्ठ माणसाला मी तर घड्याळाकडे पाहूनच देते. घाईने ढकलले तर छातीत धडधड, घाम आणि अस्वस्थता होऊ शकते. डोस २ ग्रॅमचा असेल तर तो नॉर्मल सलाइनमध्ये घालून अर्ध्या तासात थेंबाथेंबाने द्यावा.

इंजेक्शन झाले की बाईंनी लगेच निघू नये. निदान अर्धा तास थांबावे. तारीख, वेळ, कुपीवरील नाव, बॅच क्रमांक आणि दिलेली मात्रा एका वहीत लिहावी. डॉक्टरांना फोन करायची वेळ आली तर वही पाहून सांगता येते, आठवून सांगावे लागत नाही.

शेतकरीपुत्र

वाचून थोडे आश्चर्य वाटले. आमच्या भागातील दवाखान्यात गेली कित्येक वर्षे आरएल चालू असतानाच हेच इंजेक्शन नळीतून देताना मी पाहतो आणि कोणालाही काही झालेले ऐकले नाही. शिवाय तेथे आधी कातडीत थोडेसे औषध टोचून ‘टेस्ट’ घेतात आणि गाठ आली नाही तरच पुढे देतात. एवढी काळजी घेतल्यावर उगाच लोकांना घाबरवण्यात काय हशील आहे?

औषधभांडार

आपला प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे सरळ उत्तर देतो. मृत्यूच्या ज्या घटनांवरून इशारा निघाला त्या नवजात बालकांमधील होत्या; प्रौढांमध्ये धोका त्या मानाने पुष्कळ कमी आहे, आणि नियामकांनीही २००९ मध्ये हाच फरक मान्य करून नियम सैल केला. परंतु सैल केला तो ‘नळी धुवून एकामागून एक’ इतकाच. ‘एकत्र’ देण्याची मुभा कोणीही दिलेली नाही. आणि ‘काही झालेले ऐकले नाही’ यात एक अडचण अशी आहे, की इन्ट्राकॅथ अचानक बंद पडली, शीर सुजली किंवा औषधाचा काही भाग साक्यात अडकून रक्तात पोहोचलाच नाही, तर त्याचा दोष कोणी आरएलला देत नाही. नॉर्मल सलाइन त्याच दुकानात मिळते. जो धोका इतक्या सहज टळतो तो प्रौढाच्या बाबतीतही का पत्करावा?

ज्वरचिकित्सक

मी फिजिशियन आहे. टेस्टचा विषय निघाला आहे तर तेथूनच सुरुवात करतो, कारण या टेस्टने दिलेला दिलासा मला आरएलपेक्षाही अधिक काळजीत टाकतो.

ज्यांना पूर्वी कधी ॲलर्जी झालेली नाही अशा सरसकट सर्व रुग्णांना सेफॅलोस्पोरिन (सेफ्ट्रायाक्झोन ज्या कुळातील आहे ती प्रतिजैविके) देण्यापूर्वी कातडीत टोचून टेस्ट घेण्याचा सल्ला ॲलर्जीतज्ज्ञ देत नाहीत. गाठ आली म्हणजे ॲलर्जी आहेच असे नाही आणि, जे जास्त महत्त्वाचे आहे, गाठ आली नाही म्हणजे तीव्र प्रतिक्रिया येणारच नाही असेही नाही. टेस्ट ‘पास’ झाल्याच्या विश्वासावर खोलीत ॲड्रिनॅलिन, म्हणजे तीव्र ॲलर्जीत जीव वाचवणारे इंजेक्शन, न ठेवता इंजेक्शन दिले जाते, आणि नेमके तेच घातक ठरते. अंगभर गांध्या, ओठ किंवा जीभ सुजणे, घशात आवळल्यासारखे वाटणे, श्वासाला घरघर, उलटी, भोवळ येऊन रक्तदाब कोसळणे, यांतील लक्षणे इंजेक्शननंतर काही मिनिटांत दिसू लागली तर पहिले औषध ॲड्रिनॅलिन: प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेल्या ॲम्प्यूलमधील अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, आणि फरक पडला नाही तर ५ मिनिटांनी पुन्हा. आपल्याकडे अशा वेळी हात आधी ॲव्हिल या ॲलर्जीच्या औषधाकडे आणि हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडकडे जातो. ती औषधे नंतर द्यायला हरकत नाही, पण त्यांनी श्वासनलिका किंवा रक्तदाब वेळेत सावरत नाही. रुग्णाला आडवे करून पाय वर घ्यावेत, धाप लागत असेल तर टेकून बसवावे, उठवून चालवू नये आणि १०८ ला फोन करावा. परिचारिकाबाईंकडे ॲड्रिनॅलिन आहे का आणि ते वापरण्याचा त्यांना सराव आहे का, हे आज विचारा. उत्तर नकारार्थी असेल, तर इंजेक्शनची जागा घर नव्हे, रुग्णालय आहे.

पेनिसिलिनच्या पुरळाबाबत जुन्या पुस्तकांत असे लिहिलेले असे, की पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या दहापैकी एकाला सेफॅलोस्पोरिनही सोसत नाही. तो आकडा फार वाढीव होता. सुरुवातीच्या सेफॅलोस्पोरिनमध्ये पेनिसिलिनचे अंश राहून जात आणि काहींची रासायनिक रचनाही पेनिसिलिनशी जवळची होती. सेफ्ट्रायाक्झोनची पार्श्वसाखळी वेगळी असल्याने हा धोका शंभरात एकदोन किंवा त्याहूनही कमी धरला जातो. शिवाय आपल्या वडिलांना रुग्णालयात याच औषधाचे डोस देऊन झाले आहेत आणि ते सोसले आहेत, ही मोठी जमेची बाजू आहे. तरीही त्या काळी केवळ पुरळ होते की श्वासाचा त्रास, कातडी सोलवटणे किंवा तोंडात फोड असेही काही होते, हे वडिलांना सविस्तर विचारून डॉक्टरांना कळवा. या दुसऱ्या प्रकारात निर्णय बदलू शकतो.

आता ज्या गोळीचा उल्लेख आपण ओघात केला ती. ठोके अनियमित असल्याने रक्त पातळ करण्यासाठी दिलेली गोळी ॲसिनोकुमारॉल किंवा वॉरफेरिन असेल, तर सेफ्ट्रायाक्झोनमुळे तिचा परिणाम वाढून आयएनआर (रक्त किती पातळ झाले आहे ते दाखवणारी तपासणी) चढू शकतो. आजारपणात जेवण कमी झाल्याने तो तसाही चढतो. म्हणून या काळात आयएनआर तपासून घेणे आवश्यक आहे, आणि हिरड्यांतून रक्त, काळी शौच किंवा कारण नसताना अंगावर निळे डाग दिसले तर त्याच दिवशी दाखवावे. याच कारणामुळे कमरेत इंजेक्शन देण्याचा विचार सोडून द्या: रक्त पातळ असलेल्या माणसाच्या स्नायूत सुई गेली की आतल्या आत मोठा रक्ताचा साकळा होऊ शकतो.

पण या सगळ्यांपेक्षा मला त्या न आणलेल्या कल्चर अहवालाने थांबवले. लघवीत सापडलेला जंतू कोणता आणि तो सेफ्ट्रायाक्झोनला दाद देतो का, हे त्या कागदावर लिहिलेले असते. आपल्याकडे ई. कोलायचे असे पुष्कळ प्रकार आढळतात, जे या गटातील औषधे निष्प्रभ करणारे विकर तयार करतात. वडिलांचा ताप उतरला आहे, त्यामुळे औषध लागू पडले असावे, हे अनुमान ठीक आहे. पण अहवाल उपलब्ध असताना अनुमानावर का चालावे? दुसरे असे, की जंतू एखाद्या तोंडाने घ्यायच्या गोळीला दाद देत असेल, ताप नसेल आणि उलट्या होत नसतील, तर उरलेला उपचार गोळ्यांवर पूर्ण करता येतो की नाही हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. शिरेतून द्यायच्या प्रतिजैविकाची सुरक्षितता वाढवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे ते गरजेपेक्षा एक दिवसही अधिक न देणे, आणि घरगुती इंजेक्शनांच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

पातळ जुलाब दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा होऊ लागले, तर जुलाब बंद करणारी गोळी परस्पर न देता डॉक्टरांना कळवा. प्रतिजैविकांमुळे आतड्यात एका विशिष्ट जंतूची वाढ होऊन असे जुलाब होतात आणि ते उपचार संपल्यावर काही आठवड्यांनीही सुरू होऊ शकतात. उजव्या कुशीत वर दुखू लागले तर तेही सांगा. हे औषध पित्तातूनही बाहेर पडते आणि पित्ताशयात त्याचा गाळ साचू शकतो. सोनोग्राफीत तो खड्यांसारखा दिसतो, पण औषध थांबल्यावर बहुधा आपोआप नाहीसा होतो. त्यासाठी घाईने शस्त्रक्रिया करण्याची गरज नसते.

कोयनाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सकाळी भावाला रुग्णालयात पाठवले. अहवालात ई. कोलाय आला असून तो सेफ्ट्रायाक्झोनला आणि को-ट्रायमॉक्साझोल या गोळीलाही दाद देणारा आहे. वडिलांना केवळ पुरळच उठले होते, श्वासाचा किंवा तोंडात फोड येण्याचा त्रास झाला नव्हता. रक्त पातळ करण्याची गोळी ॲसिनोकुमारॉलच आहे. जुनी इन्ट्राकॅथ काढली असून, आजचे आणि उद्याचे इंजेक्शन रुग्णालयातच द्यावे आणि नंतर गोळ्या सुरू कराव्यात, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. १.५ ग्रॅमच्या कुप्या केमिस्टने थोडी कुरकुर करून परत घेतल्या. परिचारिकाबाईंनीही आरएलविषयीचे म्हणणे समजून घेतले. त्यांच्या नोकरीच्या काळात हा इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. आता वापरलेल्या सुया आणि कुप्या घरात एका डब्यात साठल्या आहेत, त्यांचे काय करावे?

रात्रपाळी

सुयांना टोपण परत लावायचा प्रयत्न करू नका, त्यातच बोटाला सुई टोचते. जाड प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात त्या तशाच टाकून, वर ‘वापरलेल्या सुया’ असे लिहून, इंजेक्शनला जाताना डबा रुग्णालयात द्या; तेथे जैववैद्यकीय कचरा वेगळा जमा होतो. घंटागाडीत टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्यांच्या हाताला त्या लागतात.

ज्वरचिकित्सक

एक गोष्ट तातडीने. को-ट्रायमॉक्साझोल हे ॲसिनोकुमारॉलचा परिणाम सेफ्ट्रायाक्झोनपेक्षाही अधिक वाढवते, आणि रक्तदाबाची गोळी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल यांसारखी असेल तर रक्तातील पोटॅशियमही वाढू शकते. डॉक्टरांनी गोळी लिहिताना वडिलांच्या सर्व औषधांची यादी त्यांच्यासमोर होती का, याची उद्याच खात्री करून घ्या. तीच गोळी द्यायचे ठरले, तर सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची तपासणी), पोटॅशियम आणि आयएनआर तपासून घ्यावा, आणि तीनचार दिवसांनी या तपासण्या पुन्हा करण्याची तारीख त्याच कागदावर लिहून मागावी.